सिद्रामप्पांचा कान

सिद्रामप्पा दुसऱ्याच्या गाडीत शिरताना चपला बाहेर काढून ठेवत. ॲम्बॅसिडर असो, फियाट असो, नाहीतर चादरींचे गठ्ठे वाहणारा टेम्पो असो. दार उघडलं की आधी चपला काढायच्या, त्या गटाराच्या कडेला जोडीनं लावायच्या, कपाळावरच्या विभूतीला बोट लावून ते बोट गाडीच्या छताला टेकवायचं आणि मग आत पाय टाकायचा. गाडीचा मालक स्वतः बूट घालून पुढे बसलेला असे. त्याला उगीचच अपराध्यासारखं वाटे.

या सवयीपायी ते एकदा अनवाणी टेंभुर्णीला गेले. एका टॅक्सीवाल्याच्या गाडीत त्यांनी टेप आणि ॲम्प्लिफायर बसवला होता. "दोन मिन्टं चालवून बगू," म्हणून दोघं निघाले. सिद्रामप्पा मागच्या सीटवर मांडी घालून, डोळे मिटून बसले. टॅक्सीवाल्याला सक्त ताकीद होती की ते डोळे उघडेपर्यंत बोलायचं नाही आणि थांबायचंही नाही. तो बिचारा पुण्याच्या रस्त्यानं गाडी हाकत राहिला. आप्पांनी डोळे उघडले तेव्हा समोर टेंभुर्णीचा नाका होता. टॅक्सीवाल्याला तिथं पुण्याचं भाडं मिळालं, म्हणून संध्याकाळी ते एसटीनं परत आले. भर उन्हाळ्यात डांबरावरून अनवाणी चालून पायांना फोड आले होते, आणि चेहऱ्यावर मात्र समाधान मावत नव्हतं.

"उभ्या गाडीचा आवाज खोटा असतोय, गुर्जी," ते मला म्हणाले. "पळत्या गाडीत जो टिकतोय तो खरा. टेंभुर्णीत बसला बगा."

'बसला' हा त्यांचा शब्द. आवाज वाढवायचा नसतो, कमी करायचा नसतो, तो बसवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. घडी मोडलेली चादर जशी झटकून पलंगावर बसवतात, तसा. चपला अर्थात सकाळी होत्या तिथंच होत्या. सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांना कुणी हात लावला नसता.

मी तेव्हा तिथल्या एका शाळेत गणित आणि शास्त्र शिकवत होतो आणि आप्पांच्या समोरच राहत होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गाडीत टेप असणं ही मोठी मिरवायची गोष्ट होती. कुणाचा तरी मेहुणा आखातातून टेप आणायचा, पण नुसत्या टेपचा आवाज इंजिनच्या घरघरीत बुडून जाई. तो मोठा करायला ॲम्प्लिफायर लागे आणि तो सोलापुरात सिद्रामप्पा स्वतःच्या हातानं बनवत. ॲल्युमिनियमची पेटी, आत ट्रान्झिस्टर, बाहेर तीन बटणं. पेटी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली आणि दोन स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर. बटणांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. जाड आवाजाचं बटण म्हणजे 'पोट', बारीक आवाजाचं बटण म्हणजे 'जीभ' आणि तिसरं 'दम'.

"आवाजाला पोट पायजे, पण जीभ पयली," ते गिऱ्हाइकाला समजावत. "जिभेबिगर मानूस काय बोलायलाय ते कळतंय का?"

आवाज बसवायची त्यांची पद्धत मिलमधून आलेली होती. बावीस वर्षं ते एका कापड गिरणीच्या मागखात्यात होते. शेकडो माग एकदम धडधडत असतात तिथं शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. आप्पा तेच गाडीत करत. स्वतः मागे बसणार आणि पुढे मालकाला बटणांवर हात ठेवून वळून बसायला लावणार. उजवा अंगठा वर म्हणजे जीभ वाढवा. डावी मूठ खाली म्हणजे पोट कमी करा. तळहात आडवा म्हणजे आहे तिथंच मरेपर्यंत थांबा. लाखाची गाडी बाळगणारी माणसं त्यांच्या अंगठ्याकडे टक लावून बसलेली मी पाहिली आहेत.

आणि वाजवायचं काय? गाणं नाही. गाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "गानं फसवतंय. गान्यात समदंच गोड लागतंय. मानसाच्या बोलन्यावर मशीन लावावं." त्यासाठी त्यांच्याकडे एक खास कॅसेट होती. त्या कॅसेटवर त्यांच्या बायकोचं, म्हणजे गंगव्वाकाकूंचं बोलणं होतं.

एकदा दुरुस्तीला आलेला टेपरेकॉर्डर त्यांनी स्वयंपाकघराच्या फडताळात चालू करून ठेवला होता. काकूंना पत्ता नव्हता. त्यात आधी भाजीवालीशी वांग्यांवरून वाद आहे, मग भांड्यांचा आवाज, आणि मग काकू नवऱ्याकडे वळतात, "अवं, ऐकायलाव का? सकाळधरनं दळन दळन म्हनायले मी. डबा तितंच हाय. काय म्हनले मी? सांगा की काय म्हनले! नुसती मान हलवू नका बैलावानी." सोलापुरातल्या कुठल्याही टेपवाल्या गाडीनं आपलं पहिलं वाक्य म्हणून हेच ऐकलेलं होतं. गिऱ्हाईक हसून हसून बेजार व्हायचं. आप्पा हसत नसत. डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ते सगळं शेवटपर्यंत ऐकत. झालं की पुन्हा पहिल्यापासून लावत. एवढं बारीक काम करणारा माणूस, असं मला तेव्हा कौतुक वाटे.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतं. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरकडून त्यांनी पाटीवर नुसता एक भला मोठा कान रंगवून घेतला होता. खेड्यातल्या म्हाताऱ्या कानात तेल घालून घ्यायला तिथं यायच्या आणि आप्पा त्यांना पाणी पाजून बाजारातल्या डॉक्टरचा पत्ता सांगायचे. पण पाटीत फुशारकी नव्हती. मिल सोडल्यावर त्यांच्याकडे दुसरं होतं काय? शिक्षण चौथी, तेही कानडीत. 'आप्पांचा कान' एवढंच त्यांचं भांडवल होतं आणि त्यावर पेठेचा विश्वास होता.

त्या विश्वासाला पहिला धक्का माळशिरसकडून बसला. तिकडचे एक बागायतदार, शंकरराव, नव्या ॲम्बॅसिडरला टेप बसवून घेऊन गेले आणि आठ दिवसांत परत आले.

"आप्पा, मशीन झकास हाय तुमचं," ते म्हणाले. "पर गाडी पळाय लागली की आतनं शीळ वाजतीया. बारीक. जितकं ॲक्सिलेटर दाबावं तितकी वर चढतीया. कानात सुई घातल्यावानी हुतंय."

आप्पा चपला काढून आत बसले. शंकररावांनी जागच्या जागी इंजिन रेटलं. आप्पांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "शीळ न्हाई."

"आता वाजती की हो!"

"न्हाई म्हनलं न्हवं? नवी गाडी हाय, इंजिनचा आवाज असंल. महिनाभर पळवा."

शंकरराव महिनाभर कसले थांबतात? ते पंधरा दिवसांनी पुन्हा आले, आणि नेमका मी शाळेतून घरी येत होतो. "गुर्जी, तुमी शिकलेलं मानूस. तुमी बसा आत आन् सांगा," असं म्हणून त्यांनी मला जवळजवळ ढकललंच.

मी बसलो. शंकररावांनी इंजिन वाढवलं आणि स्पीकरमधून स्वच्छ शीळ आली. डासासारखी सुरू झाली आणि चढत चढत दातांपर्यंत पोहोचली. डायनॅमोची खोड होती ती. विजेची कुरबूर तारेतून ॲम्प्लिफायरमध्ये शिरत होती. हे तर माझ्या आठवीच्या पोरांनाही सांगता आलं असतं. शिवाय दुसरंही एक कळलं. काकूंची कॅसेट लावली तेव्हा त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द चरचरत होता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. जिभेचं बटण पार शेवटाला टेकलेलं होतं.

मी बाहेर आलो. आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत प्रश्न नव्हता, विनवणी होती. पण हे मला नंतर कळलं.

"काय, गुर्जी?" शंकररावांनी विचारलं.

"मला जरा सर्दी झालीय," मी म्हणालो. शास्त्राचा शिक्षक असून मी धडधडीत खोटं बोललो. त्याची लाज मला अजून वाटते.

शंकरराव भडकले. "म्हंजे एकाला ऐकू येत न्हाई आन् एकाला सर्दी झाली! बरं. पुढल्या बेस्तरवारी येतो. तवाबी शीळ ऱ्हायली तर मशीन उपटून हितं ठिवतो, आन् टेंभुर्णीच्या हॉटेलात बसून येनाऱ्या-जानाऱ्या हरेक ड्रायव्हरला सांगतो, का सोलापूरच्या आप्पाचा कान गेला म्हनून."

गाडी गेली. आप्पा पाटीवरच्या कानाकडे एकदा बघून दुकानात शिरले.

मला त्या दिवसापासून एक कोडं पडलं. आप्पांनी इतक्या गाड्या लावल्या, पेठेतल्या कुणीच कधी तक्रार कशी केली नाही? मग एकेक मालक आठवून पाहिला. टॅक्सीवाला, पूर्वी मागावर. टेम्पोवाला, अजून घरी चार पॉवरलूम. त्याचा भाऊ, बाप, सासरा, सगळे त्याच धडधडीत वाढलेले. आमच्या अख्ख्या पेठेचा कान एकाच गिरणीत घडला होता. जी शीळ आप्पांना ऐकू येत नव्हती ती गिऱ्हाइकांनाही येत नव्हती, आणि जो आवाज मला खिळ्यासारखा टोचत होता तो त्यांना एकदम मोकळा आणि स्वच्छ वाटत होता. आवाज पेठेपुरता बरोबर बसत होता. शंकररावांच्या कानावर शेतातल्या मोटारीपलीकडे कसला मारा झालेला नव्हता, म्हणून घोटाळा झाला.

माझ्यातल्या मास्तराला मग स्वस्थ बसवेना. कानाची परीक्षा मनगटी घड्याळानं घेता येते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. त्याची टिकटिक फार बारीक असते. मी आप्पांच्या दुकानात गेलो आणि सहज केल्यासारखं करून घड्याळ काढून दिलं. "आप्पा, हे जरा बघता का? मागे पडतंय असं वाटतं."

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला लावलं.

"मागं पडतंय कुटलं? मेलंय हे."

सेकंदाचा काटा टुणटुण पळत होता. मला ते दिसत होतं. त्यांनी काट्याकडे बघितलंच नव्हतं. माझी इतकी तारांबळ उडाली की मी घड्याळ घेतलं, "अरे हो, चावी द्यायची राहिली," असं काहीतरी बरळलो, चार पीळ दिले आणि पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते कानाला लावलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसत होतो, म्हणजे हसायचा प्रयत्न करत होतो.

"हां," ते म्हणाले. "आता वाजायलंय. झकास."

घड्याळ आधी जितकं वाजत होतं तितकंच आताही वाजत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांना आपला कान गेल्याचं माहीत नाही, अशी माझी समजूत होती. त्यांना सगळं माहीत होतं. मी एकदा खोटं बोललो होतो, ते रोज बोलत होते.

"आप्पा," मी म्हणालो, "किती दिवस झाले?"

त्यांनी घड्याळ माझ्यापुढे सरकवलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगीच फडक्यानं पुसत राहिले. दुकानामागेच त्यांचं घर, मध्ये एक पडदा. त्या पडद्याकडे एकदा बघून ते हळू आवाजात बोलू लागले. ऐकू न येणारा माणूस हळू बोलतो तेव्हा ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"पयल्यांदा चिमन्या गेल्या, गुर्जी. म्हंजे चिमन्या हायेत. दिसत्यात. चोच उघडत्यात. आवाज न्हाई. मी म्हनलं, जाऊ दे, चिमनीचं काय एवढं. मग हिच्या बांगड्या गेल्या. मग हिचं बोलनं. आवाज येतोय, पण नुसता घुमतोय. शब्द कळत न्हाई. मिलमदी आमी ओठ वाचायचो, तसं वाचलं असतं. पण ही बाई चुलीकडं तोंड करून बोलतीया. लग्न झाल्यापासनं तशीच बोलतीया. मी तिच्या पाठीकडं बगतो आन् व्हय म्हनतो. ती काय म्हनली ते देवाला ठावं. मी व्हय म्हनतो."

"आणि गाडीत?"

त्यांचा चेहरा बदलला. "गाडीत मी जीभ शेवटाला नेतो. मग येतंय. दळन म्हनली की दळन ऐकू येतंय. बैलावानी म्हनली की बैल ऐकू येतोय." ते हसले आणि मग हसू आवरलं. "लोकांच्या गाडीत बसून बायकोचं बोलनं ऐकतो, गुर्जी. तेवढंच कळतंय मला आता तिचं. कुनाला सांगू नका."

सोलापुरातल्या लोकांनी ज्या कॅसेटला पोट धरून हसावं, ती हा माणूस जिवाचा कान करून ऐकत होता. मी म्हणालो, "आप्पा, गुरुवारी मी रजा काढतो. शीळ कुठून येते ते मी ऐकतो, तुम्ही तारा जोडा."

"एका बेस्तरवारचं काम हाय का ते?" त्यांनी मान हलवली. "रोज कुटनं आनू तुमचा कान? शाळा बंद पाडू?"

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. गंगव्वाकाकू चहाचे दोन पेले घेऊन उभ्या होत्या. गाडीतल्या बोलण्याचा अर्थ त्यांना लागला नसावा, पण बाकी सगळं त्यांनी ऐकलं होतं हे सांगायची गरज नव्हती. आप्पांची मान खाली गेली.

"सा वर्सं झाली, गुर्जी," काकू मला म्हणाल्या. "दाराची कडी वाजली तर उटत न्हाईत. मला ठावं न्हाई व्हय? ह्यांना वाटतंय लपलंय. मी म्हनलं, लपवायलेत तर लपवू देत. मानसाला तेवढं लागतंय." मग पेले खाली ठेवून म्हणाल्या, "बेस्तरवारी मी बसते गाडीत."

आप्पांनी यातलं किती टिपलं कुणास ठाऊक, पण शेवटचं वाक्य त्यांनी ओठांवरून उचललं. "तू? बाईमानूस गाडीत बसून मशीन लावनार? लोक हसतील."

"लोक आत्ता हसत न्हाईत?" काकू म्हणाल्या.

गुरुवारी शंकरराव आले ते मशीन काढायच्या तयारीनंच. मागच्या दारानं काकू आत शिरताना बघून ते खाली उतरले. "वैनी, कुटं सोडायचं हाय तुमास्नी?"

"कुटं न्हाई. तुमी इंजिन चालू करा."

त्या चपला घालूनच आत बसल्या. आप्पांनी खूण करून चपलांकडे बोट दाखवलं. काकूंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. रस्ता तापला होता आणि त्यांना टेंभुर्णी करायची हौस नव्हती.

मग जे काम चाललं ते मी विसरणार नाही. आप्पा पुढच्या सीटखाली डोकं घालून बसले. शंकरराव इंजिन वाढवत, कमी करत. काकू मागे हात वर करून बसल्या होत्या. शीळ आहे तोवर हात वर, गेली की खाली, असं ठरलं होतं. आप्पा एक तार सोडत, पत्र्याचा रंग खरवडून दुसऱ्या जागी स्क्रूनं आवळत आणि वर बघत. हात वरच. पुन्हा सोडत, पुन्हा आवळत. टेपची अर्थिंगची तार एकीकडे आणि ॲम्प्लिफायरची दुसरीकडे बांधली होती. त्या दोन्ही त्यांनी आणून एकाच स्क्रूखाली घेतल्या, तेव्हा हात अर्ध्यावर आला.

"अर्धी गेली," काकू खिडकीतून मला म्हणाल्या. "एक बारीक ऱ्हायलीया, लांब रेडिओ लागल्यावानी."

आप्पा बॉनेटकडे गेले, डायनॅमोवर विजेची कुरबूर गिळणारा एक कंडेन्सर बसवला, हात पुसत आले आणि काचेतून बायकोकडे बघू लागले. शंकररावांनी ॲक्सिलेटर दाबला. इंजिन गरजलं. काकू डोळे बारीक करून ऐकत होत्या. त्यांनी हात खाली मांडीवर ठेवला.

"गेली?" शंकररावांनीच विचारलं. मग स्वतः कान लावला आणि म्हणाले, "गेली की हो! आयला, गेली!"

"आता आवाज लावा," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर माझी चूक मला कळली. आप्पांनी सवयीनं कॅसेट आत सरकवली होती.

वांग्यांचं भांडण सुरू झालं. काकू आधी इकडेतिकडे बघू लागल्या, भाजीवाली आली की काय म्हणून. मग त्यांना आवाज ओळखू आला. पदर तोंडाला गेला. "अगं बाई! ही मी हाय? मी अशी बोलते?" आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. "कुनाकुनाला ऐकवलंय हे?"

"वैनी, माळशिरसला समद्या घरानं ऐकलंय," शंकरराव मोठ्या आदरानं म्हणाले. "आमची म्हातारी तर म्हनती, बाई बोलती ते खरं हाय."

काकू लाल झाल्या. पण काम अर्धं टाकायची बाई नव्हती ती. त्यांनी पुढे वाकून जिभेचं बटण धरलं आणि मागे फिरवू लागल्या. चरचर कमी झाली. आणखी मागे. काकूंचा आवाज गाडीत साध्या बाईसारखा, घरातल्यासारखा झाला. भांडी भांड्यांसारखी वाजू लागली. आम्हा तिघांना वाटलं, आता बरोबर झालं.

माझं लक्ष आप्पांकडे होतं. दारातून आत वाकून ते ऐकत होते. बटण जसजसं मागे जात होतं, तसतशी त्यांची मान जास्त वाकडी होत होती, कपाळाला आठ्या पडत होत्या. मग मान सरळ झाली. आठ्या गेल्या. ऐकायचं काही उरलं नाही की माणूस जसा दिसतो तसे ते दिसले. कॅसेट चालूच होती. ते आता टेपकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर हाय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण बटणावरचा हात क्षणभर तसाच अडला. पुन्हा पुढे फिरवतात की काय, असं मला वाटलं.

"हाय," त्या म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ दे तसंच." आप्पांनी शंकररावांच्या दाराला थाप मारली. "घ्या. झालं तुमचं काम."

त्यानंतर कुठलीही गाडी आली की काकू मागे बसू लागल्या. पेठेतली जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली की आवाज आता बोथट लागतो, तेव्हा त्यांच्या गाड्या आप्पा स्वतः पूर्वीसारख्या लावून देत. बाहेरगावच्या गाड्या काकूंच्या. टेंभुर्णीच्या हॉटेलात आप्पांच्या कानाबद्दल जे बोललं गेलं ते चांगलंच बोललं गेलं, असं शंकररावांनी पुढे कळवलं.

महिन्याभरानं आप्पांनी मला जेवायला बोलावलं. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी आणि आमटी. आप्पा आणि मी पाटावर बसलो होतो. काकू चुलीपुढे, पाठ आमच्याकडे. भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता त्यांनी मान न वळवता काहीतरी विचारायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. तवा खाली ठेवला. पिठाचे हात पुसले. भाकरी घेऊन उठून आल्या आणि आप्पांच्या ताटासमोर उकिडव्या बसल्या. पदर तोंडावरून बाजूला केला.

"अजून एक घालू का?" त्यांनी विचारलं. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.

आप्पा त्यांच्या ओठांकडे बघत होते. या प्रश्नाला ते गेली सहा वर्षं पाठीकडे बघून व्हय म्हणत आले होते आणि ताटात पडेल ते मुकाट्यानं संपवत आले होते.

"साकु, बास," ते कानडीत सुरुवात करून म्हणाले. "पोट भरलं. तू जेव आता."

काकूंनी भाकरीचा हात मागे घेतला. मग माझ्याकडे वळून हसल्या, डोळ्यांतून पाणी येत असतानाच. "आन् मला वाटायचं, गुर्जी, ह्या मानसाची भूक वाढलीया. मी आपली रोज एक जास्त थापत हुते."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे पुसले, नवऱ्याकडे तोंड वळवलं आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.